काळ्या मातीचा पीएच कमी करायचाय? आधी सिरक्याने माती तपासून बघा

मेथी किंवा टमाट्याची पानं पिवळी पडली की आपण पहिलं काम करतो ते खत घालायचं. मीही सलग दोन वर्षं तेच करत होते. इंदूरला लोकमान्य नगरात आमच्या घरामागे १० बाय १५ फुटांचा तुकडा आहे, त्यात हिवाळ्यात मेथी, टमाटे, फरसबी, पालक आणि पावसाळ्यात भेंडी-गिलकी असं चालू असतं. पालक मस्त यायचा, भेंडी बरी, पण फरसबी आणि टमाट्याचे शेंडे पिवळे. एकदा चष्मा लावून पान उन्हात धरून नीट बघितलं तेव्हा लक्षात आलं की पान सगळं पिवळं नाहीये, शिरा हिरव्यागार आहेत आणि शिरांच्या मधला भाग फिकट लिंबासारखा, अगदी जाळी काढल्यासारखं दिसत होतं. आणि हे सगळं नवीन पानांवर, वरच्या शेंड्याला. खालची जुनी पानं हिरवी.

ही खूण लक्षात ठेवा, कारण इथेच बहुतेकांची गल्लत होते. नायट्रोजन कमी पडला तर आधी खालची जुनी पानं पिवळी होतात आणि पूर्ण पान पिवळं होतं. वरची कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, म्हणजे झाडाला लोह मिळत नाहीये. आता गंमत अशी की आपल्या माळव्याच्या काळ्या मातीत लोह भरपूर असतं, ही माती लाव्हाच्या काळ्या दगडातून, बेसाल्टमधूनच तयार झालीय, लोहाला तोटा नाही. पण पीएच, म्हणजे मातीच्या आम्ल-अल्कपणाचं माप, वाढला की ते लोह पाण्यात विरघळतच नाही, पीएच १ ने वर गेला की विरघळलेलं लोह साधारण हजारपटीने कमी होतं. फॉस्फरसचं पण तसंच, तो कॅल्शियमला चिकटून बसतो, झिंक पण अडकतं. घरात धान्याची कोठी भरलेली आहे पण तिला कुलूप लागलंय, असं समजा. अशा वेळी वरून अजून खत टाकून काय उपयोग, कुलूप काढायला पाहिजे.

पीएच म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. ७ म्हणजे मध्यम, त्याखाली आम्ल, वर अल्क. एक-एक आकडा दहापटीचा असतो, म्हणजे ८ ची माती ७ पेक्षा दहापट अल्कधर्मी. बहुतेक भाज्यांना ६ ते ७ आवडतं, ७.५ पर्यंत त्या चालवून घेतात. आपल्याकडची काळी माती साधारण ७.५ ते ८.५ असते. त्यामुळे माझं पहिलं म्हणणं हेच की ८ ची माती ६.५ वर आणायचा हट्ट धरू नका, ७.५ च्या थोडं खाली आली तरी झाडांत फरक डोळ्यांना दिसतो.

आता मोजायचं कसं. बाजारात दोन-तीन दांड्यांचं, बिनबॅटरीचं मीटर मिळतं ना, जे मातीत खुपसायचं, त्याच्यावर भरवसा ठेवू नका. मी एक घेतलं होतं, तेच गमलं, तीच माती, सकाळी कोरडी असताना एक आकडा आणि पाणी घातल्यावर दुसराच. त्यापेक्षा पीएचच्या पट्ट्या घ्या, अर्ध्या-अर्ध्या आकड्याचा फरक दाखवणाऱ्या. माती घेताना वरचा पालापाचोळा बाजूला करून ५-६ ठिकाणी खुरप्याने इंग्रजी व्ही सारखा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करायचा आणि त्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची पातळ चकती काढायची, सगळ्या चकत्या एकत्र करून सावलीत वाळवायच्या, ढेकळं फोडायची. मग एक वाटी मातीला अडीच वाट्या डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीच्या दुकानात मिळतं ते, किंवा एसीच्या पाइपातून जे पाणी टपकतं ते पण चालतं. नळाचं पाणी घेऊ नका, नाहीतर तुम्ही माती सोडून पाण्याचाच पीएच मोजाल. चांगलं ढवळा, अर्धा तास ठेवा, परत ढवळा, निवळू द्या. काळी माती निवळायला फार वेळ लावते, आणि गढूळ पाण्यात पट्टीचा रंग कळत नाही, म्हणून वरचं पाणी दुहेरी मलमलच्या फडक्यातून गाळा आणि मग पट्टी बुडवा.

खरं तर एकदा तरी लॅबमधून करून घ्याच. कृषी विभागाच्या माती परीक्षण केंद्रात किंवा कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. २०१५ पासून सॉइल हेल्थ कार्डची जी योजना आहे त्यात १२ गोष्टी तपासतात, पीएच तर आहेच, शिवाय क्षारता, सेंद्रिय कर्ब, लोह, झिंक वगैरे. अर्धा किलो वाळलेली माती कापडी पिशवीत न्यायची. माझ्या मातीचा पीएच ८.२ आला आणि लोह कमी श्रेणीत. दोन वर्षांच्या पिवळ्या पानांचं उत्तर त्या एका कागदावर होतं.

आणि आता ती गोष्ट, जी मला कोणी आधी सांगितली असती तर एक वर्ष वाचलं असतं. पीएच किती आहे हे कळून भागत नाही, मातीत चुना आहे की नाही हे कळलं पाहिजे. चुना म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, माळव्यात जमीन खणली की पांढरे-पांढरे कंकर निघतात ना, तेच. त्यासाठी सिरका लागतो, साधा पांढरा सिरका जो आपण चायनीजमध्ये घालतो. चमचाभर सुकी माती बारीक करून पांढऱ्या वाटीत घ्या आणि त्यावर सिरक्याचे १०-१२ थेंब टाका. नुसतं बघू नका, वाटी कानाजवळ न्या. इनोच्या ग्लासातून शेवटी-शेवटी जसा बारीक सूं-सूं आवाज येतो तसा आला आणि बुडबुडे दिसले, तर चुना आहे. काहीच झालं नाही, माती नुसती ओली झाली, तर बहुतेक तुमचं काम सोपं आहे. काही लोक यासाठी बाथरूम धुवायचं अॅसिड वापरतात, कृपा करून ते करू नका, त्याची वाफ नाकात जाते आणि डोळ्यात उडालं तर भलतंच होईल, सिरक्याने पुरेसं कळतं.

मी आमच्या तुकड्यात चार कोपऱ्यांतून माती घेऊन चार वाट्या ओळीने मांडल्या. तीन वाट्या गप्प. चौथी, भिंतीजवळची, अशी फसफसली की माझी सासू स्वयंपाकघरातून विचारायला आली, "काय गं, दूध उतू जातंय का?" मग आठवलं की ७-८ वर्षांपूर्वी आम्ही मागची खोली बांधली तेव्हा ठेकेदाराने प्लास्टर फोडलेला सगळा मलबा तिथेच पसरून वरून दोन घमेली माती टाकली होती. सिमेंट, चुना, विटांचा चुरा, सगळं पोटात. नवीन कॉलन्यांत, प्लॉटवर बांधलेल्या घरांत हे सर्रास असतं, बिल्डरचा मलबा आणि वर चार बोटं माती. तुमच्याकडे भिंतीलगतच्या वाफ्यातच झाडं खुरटतात का बघा, आणि खुरटत असतील तर तिथे आधी खणून बघा.

चुना आणि गंधकाचा हिशोब आहे, तो समजून घेतला की पैसे वाया जात नाहीत. १ चौरस मीटर जागेत १५ सेंटीमीटर खोलीपर्यंत साधारण २०० किलो माती असते. त्यात फक्त १ टक्का चुना असेल तर तो झाला २ किलो. १०० ग्रॅम चुना मारायला ३२ ग्रॅम गंधक लागतो, म्हणजे २ किलोला ६४० ग्रॅम. एका चौरस मीटरला! आणि हे फक्त चुना संपेपर्यंत, पीएच खाली यायला त्यानंतर सुरुवात होणार. ५ टक्के चुना असेल तर ३ किलोच्या वर. एवढा गंधक घातला तर जमिनीत क्षारच इतके साठतील की झाडं त्यानेच मरतील. म्हणून माती जोरात फसफसली तर पूर्ण जमिनीशी भांडू नका, तिथे गमले किंवा उंच वाफे करा, त्याबद्दल पुढे लिहिते. पण एक करून बघा, फसफसणारी माती चाळणीने चाळा, पांढरे खडे वेगळे काढा आणि चाळलेल्या मातीवर परत सिरका टाका. कधी-कधी चुना फक्त त्या खड्यांत असतो आणि बारीक माती ठीक निघते. माझ्या भिंतीच्या कोपऱ्यात एक फूट खणून मलबा काढला, बारीक-मोठे मिळून १४ घमेली निघाले, आणि नंतर ती माती अगदी थोडीच फसफसली.

आता गंधक. माती फसफसत नसेल किंवा अगदी किंचित फसफसत असेल तर पीएच कमी करायला याच्याइतकं खात्रीचं आणि स्वस्त काही नाही. खताच्या दुकानात ९० टक्के सल्फरचे दाणे मिळतात, बेंटोनाइट चिकणमातीत बांधलेले, पिवळसर मसुराच्या डाळीसारखे. ८० टक्केवाली पाण्यात मिसळणारी पावडर पण असते पण ती मुख्यतः भुरी या बुरशीवर फवारायला, ती मातीत चालते, महाग पडते इतकंच. गंधक स्वतः आम्ल नसतो हे लक्षात घ्या, आज टाकला आणि उद्या पट्टी बुडवली तर काही फरक दिसणार नाही. मातीतले थायोबॅसिलस नावाचे जीवाणू तो खातात आणि त्याचं गंधकाचं आम्ल बनवतात, आणि त्या जीवाणूंना तीन गोष्टी लागतात, ऊब, ओल आणि हवा. डिसेंबरच्या थंडीत टाकाल तर तो तसाच पडून राहील. कोरड्या मातीत टाकाल तरी तसाच.

म्हणून आपल्याकडे योग्य वेळ म्हणजे मेचा शेवट ते जूनची सुरुवात. माती तापलेली असते, आणि साधारण जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात पाऊस येतोच, तोपर्यंत दोन-तीन दिवसांआड थोडं पाणी शिंपडत राहायचं. मग पावसाळाभर काम चालू राहतं आणि ऑक्टोबरमध्ये मेथी-टमाट्याच्या वेळेपर्यंत बराचसा परिणाम झालेला असतो.

प्रमाण सांगते. काळी माती चिकण असते, तिला वालुकामय मातीपेक्षा जास्त गंधक लागतो, पुस्तकी हिशोबाने ७.५ वरून ६.५ ला आणायला चिकण मातीत चौरस मीटरला १०० ते १२५ ग्रॅम. पण मी एका वेळी ६० ते ८० ग्रॅमच्या वर जात नाही, आणि १०० च्या वर तर तुम्हीही जाऊ नका. ४ बाय १० फुटांचा वाफा पावणेचार चौरस मीटरचा होतो, म्हणजे त्याला २२५ ते ३०० ग्रॅम. परत घालायचा तर ३-४ महिन्यांनी, आणि मोजल्याशिवाय नाही. दाणे वरून भुरभुरवून सोडून देऊ नका, वरच्या १५ सेंटीमीटरमध्ये खुरप्याने नीट मिसळा. जुना गंधक मातीतून परत काढता येत नाही हे डोक्यात ठेवून हात आखडता ठेवा. हातमोजे घाला, पावडर असेल तर तोंडाला फडकं बांधा, डोळ्यांना फार झोंबते, आणि पिशवी गॅस-दिव्यापासून लांब ठेवा कारण गंधक पेट घेतो. बी पेरायच्या अगदी आदल्या दिवशी पण टाकू नका, किमान तीन-चार आठवडे मधे जाऊ द्या.

एक चूक माझ्याकडून झाली ती तुमच्याकडून नको. पहिल्या वर्षी मी गंधक घातला आणि त्या जुलैत आठ दिवस सलग पाऊस लागला, वाफा सपाट होता, पाणी तुंबून राहिलं. नवव्या दिवशी खुरपं घातलं तर मातीतून सडक्या अंड्याचा वास. काळी माती फुगली की तिच्यात हवाच राहत नाही, आणि हवा नसेल तर वेगळेच जीवाणू कामाला लागतात, आम्लाच्या जागी हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो, तो मुळांना मारक. तो वास आला म्हणजे ताबडतोब पाणी काढून द्या, मातीला वर-खाली करून हवा लागू द्या. आता मी वाफे वीतभर उंच करते, दोन्ही बाजूंना चर, आणि माती भुसभुशीत राहावी म्हणून भरपूर कुजलेलं शेणखत. त्यानंतर तो वास परत आला नाही.

गंधक घातल्याचा एक वेगळाच फायदा झाला, कांद्याची पात आणि लसूण जास्त तिखट, जास्त वासाचे झाले. कांदा-लसणाचा उग्रपणा गंधकाच्या संयुगांमुळेच असतो, त्यामुळे त्यांना तो मानवतो.

आता बाकीच्या गोष्टी, ज्या लोक सुचवत असतात. हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, हिरवट खडे, पंसारीकडे पण मिळतं, ते लवकर काम करतं आणि लोह पण देतं, पण गंधकाच्या साधारण ८-९ पट वजन लागतं, म्हणून नुसता पीएच कमी करायला ते परवडत नाही. शिवाय चुन्याच्या मातीत सरळ टाकलं तर दोन दिवसांत त्याचा गंज होऊन बसतो, झाडाला काही मिळत नाही. ते १ भाग आणि कुजलेलं शेणखत १० भाग असं कालवून, ओलसर करून २-३ आठवडे झाकून ठेवलं आणि मग मुळांजवळ घातलं तर खूप चांगलं लागू पडतं. फरशीवर मात्र सांडू देऊ नका, तांबडे डाग जात नाहीत.

फिटकरी, म्हणजे तुरटी. हे फार चाललंय, गमल्यात फिटकरीचं पाणी घाला म्हणून. फिटकरीने पीएच उतरतो हे खरं, पण तिच्यात अॅल्युमिनियम असतं आणि माती आम्ल झाली की ते मुळांना बाधतं. खायच्या भाजीत मी ती घालत नाही, माझं स्पष्ट मत आहे.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट. दुकानदार पण सांगतात की पीएच जास्त आहे तर जिप्सम टाका. जिप्सम उपयोगी पडतं ते सोडियमवाल्या जमिनीत, जिथे पीएच साडेआठच्या वर असतो, ओली झाली की चिखल आणि वाळली की दगड, तशी जमीन ग्वाल्हेर, भिंड, मुरैनाकडे आढळते. तिकडच्या आपल्या लोकांनी लॅबमधून सोडियम तपासून जरूर वापरावं. पण चुन्यामुळे ८.२ झालेल्या मातीत जिप्समने पीएच हलत नाही, कॅल्शियम तिथे आधीच उतू चाललंय. एप्सम सॉल्टनेही नाही, ते मॅग्नेशियमचं औषध आहे.

लिंबू, सिरका, ताक पाण्यात घालून ओतणं, याने दोन-चार दिवसांचा फरक पडतो आणि माती परत जागेवर येते, जीवाणू ते आम्ल खाऊन टाकतात. सिरका जास्त झाला तर झाडच जळतं. चहाची पत्ती धुवून, साखर-दूध काढून टाका, खत म्हणून चांगली, पीएचसाठी तिचा भरवसा नाही. वापरलेली कॉफीची भुकटी जवळजवळ मध्यमच असते, सगळी आंबट चव तुमच्या कपात उतरलेली असते.

नायट्रोजन द्यायचाच असेल तेव्हा युरियाऐवजी अमोनियम सल्फेट घ्या, हा छोटा बदल मला फार कामाचा वाटतो. त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट होताना माती आम्ल होत जाते, शिवाय त्यात गंधक असतो. चौरस मीटरला १०-१५ ग्रॅम, पाण्याबरोबर, तीन-चार आठवड्यांतून एकदा, बास. हळूहळू मुळांच्या आसपासचा पीएच उतरतो, आणि झाडाला तेवढंच हवं असतं.

पण एवढं सगळं करून रोज बोरिंगचं पाणी घालत असाल तर एका हाताने देऊन दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं आहे. गमल्याच्या कडेला पांढरा थर धरतो ना, गीझरच्या कॉइलवर जो जमतो तोच, ते बायकार्बोनेट, प्रत्येक बादलीबरोबर थोडा-थोडा चुना मातीत जातो. नळाला येणारं नर्मदेचं पाणी बोरिंगपेक्षा पुष्कळ बरं, तरी तेही किंचित अल्कधर्मीच. सगळ्यात चांगलं पावसाचं, त्याचा पीएच साधारण ५.६ असतो. आम्ही गच्चीच्या पाइपाखाली २०० लिटरचे दोन ड्रम ठेवले, पहिला पाऊस वाहू द्यायचा आणि मग भरायचे, झाकण पक्कं लावायचं नाहीतर डास. ते पाणी मी फक्त मिरची, टमाटे आणि फरसबीला वापरते, बाकीच्यांना नळाचं. एसीचं पाणी पण साठवते. आरओमधून जे फेकायचं पाणी निघतं ते मात्र झाडांना घालू नका, त्यात क्षार अजून घट्ट झालेले असतात, त्याने फरशी पुसा.

आता राख. आपल्याकडे रविवारी दाल-बाफले झाले की कंड्यांची राख उरते, आणि ती झाडांना घालायची ही घराघरातली जुनी सवय. माझ्या सासूबाई तर मोठ्या मायेने प्रत्येक बुंध्याशी मूठ-मूठ टाकायच्या. राखेत पोटॅश असतं, जिथे माती आम्ल आहे, कोकणासारखी लाल, तिथे ती सोन्यासारखी. पण ती अल्कधर्मी असते, आपल्या मातीत ती पीएच अजून वर नेते. मी त्यांना सांगितलं, "आई, राख भांड्यांना ठेवू, झाडांना नको," त्यांना आधी पटलं नाही, मग मी जांभळ्या कोबीचं पाणी करून त्यांच्यासमोर दोन वाट्यांत घातलं, एकात लिंबू पिळलं तर गुलाबी झालं, दुसऱ्यात चिमूट राख टाकली तर निळं-हिरवं. त्या दिवसापासून त्या स्वतःच शेजारच्या काकूंना राख टाकू देत नाहीत. अंड्याची टरफलं, चुन्याची निवळी, हे पण आपल्या मातीत नको.

कंपोस्टबद्दल बोलायचं तर ते आपल्या गावचंच. इंग्रज शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ पासून इथे इंदूरला इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत काम केलं, आता जिथे कृषी महाविद्यालय आहे, आणि त्यांची कंपोस्टची रीत जगभर इंदूर पद्धत म्हणूनच ओळखली जाते. पालापाचोळा, शेण, मूत्र मुरलेली गोठ्यातली माती, यांचे थर. पण त्या पद्धतीत ढीग आंबट होऊ नये म्हणून लाकडाची राख पण घालतात. आपल्याला उलटं हवंय, म्हणून आपल्या ढिगात राख आणि चुना टाळा, बाकी पद्धत तशीच. कंपोस्टने पीएच फार उतरतो असं समजू नका, तयार कंपोस्ट स्वतःच ७ ते ८ च्या मधे असू शकतं. तरी ते सगळ्यात जास्त घाला, कारण कुजलेल्या सेंद्रिय पदार्थात लोह आणि झिंकला धरून विरघळलेलं ठेवायची ताकद असते, पीएच ८ असला तरी झाड त्यातून उचलून घेतं. माझ्या वाफ्यात दर वर्षी चौरस मीटरला ४-५ किलो जातं.

जिथे माती जोरात फसफसते तिथे गमले किंवा फूटभर उंच वाफा, खाली जुनी ताडपत्री भोकं पाडून. मिश्रण मी असं करते, न फसफसणारी चाळलेली माती १ भाग, कोकोपीट १ भाग, कंपोस्ट १ भाग, मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीटचा पीएच साधारण साडेपाच ते साडेसहा असतो त्यामुळे मिश्रण आपोआप खाली येतं, पण विटेसारखं दाबलेलं कोकोपीट दोनदा भिजवून पिळून घ्या, त्यात मीठ असतं. १२ इंची गमल्याला ५ ग्रॅम गंधक, म्हणजे एक लहान चमचा, भरण्याआधी मिसळा आणि महिनाभर ओलं ठेवून मग रोप लावा.

आणि जमिनीला काय आवडतं ते पण ऐका. पालक, बीट, कोबी, भेंडी या भाज्या साडेसातला पण खूश असतात, त्या भिंतीकडच्या वाफ्यात लावा. फरसबी, टमाटे, मिरची चांगल्या मातीत. बटाट्याला तर ५ ते ६ आवडतं, अल्क मातीत त्याच्या सालीवर खरबरीत खपल्या येतात, स्कॅब म्हणतात त्याला, खायला चालतो पण सोलताना अर्धा जातो. आमच्याकडे बटाटा आता फक्त कोकोपीटच्या पोत्यात.

झाड आत्ता पिवळं आहे आणि गंधकाला तर महिने लागणार, तोपर्यंत काय, तर फवारा. १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस आणि १ ग्रॅम लिंबूसत्त्व, आधी लिंबूसत्त्व विरघळवा मग हिराकस, पाणी पावसाचं असेल तर उत्तम, संध्याकाळी ऊन उतरल्यावर पानांच्या दोन्ही बाजूंना. करून ठेवलेलं द्रावण दुसऱ्या दिवशी तांबूस होतं, ते वापरू नका, ताजंच करा. आठ-दहा दिवसांनी परत, असं दोन-तीन वेळा, आणि पालेभाजी असेल तर तोडायच्या आठवडाभर आधी थांबवा, खाताना नीट धुवा. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड, म्हणजे विरघळलेलं राहील असं बांधलेलं, लोह मिळतं, पुडीवर ईडीडीएचए लिहिलेलं बघून घ्या, लालसर रंगाचं असतं, थोडं महाग आहे पण अल्क मातीत तेच टिकतं. ईडीटीएवालं साडेसहाच्या वर टिकत नाही, आपल्या मातीत ते वाया जातं, ते फवारायला ठीक. फवाऱ्यानंतर जुन्या पिवळ्या पानांकडे बघत बसू नका, ती फारशी सुधारत नाहीत, शेंड्याला नवं पान कोणत्या रंगाचं येतंय ते बघा.

माझ्या तीन कोपऱ्यांचा पीएच दोन पावसाळ्यांत ८.२ वरून ७.४ वर आला, भिंतीकडचा ७.९ वरच आहे आणि मी तिथे आता गंधक घालत नाही. दर वर्षी दोनदा मोजते, मेमध्ये गंधकाआधी आणि ऑक्टोबरमध्ये पेरणीआधी, प्रत्येक वेळी त्याच जागांवरून माती घेऊन, आणि तारखेसकट वहीत लिहून ठेवते. तुमच्या पट्टीवर ७ किंवा त्याच्या खाली दिसलं तर त्या वर्षी गंधक अजिबात घालू नका, पिशवी बांधून कोरड्या जागी ठेवून द्या, पुढच्या उन्हाळ्यापर्यंत खराब होत नाही.